उत्तरेकडे तोंड करून

आमच्या घरात एकाच माणसाचं पोट भरलेलं असायचं, आणि त्यालाच त्याची लाज वाटायची. दुपार कलली की अण्णा, म्हणजे माझे वडील, ब्रह्मा घाटाकडून आमच्या गल्लीत वळायचे. सावकाश, भिंतीला हात लावत यायचे, कारण पोट तुडुंब झालेलं असायचं. घरात आले की त्यांच्या उजव्या हाताला तुपाचा आणि आमसुलाच्या चटणीचा वास यायचा, कितीही धुतला तरी. माझा धाकटा भाऊ विनू तो हात नाकाशी धरायचा आणि विचारायचा, "आज वडे होते ना, अण्णा? खीर कसली होती?" अण्णा हात सोडवून घ्यायचे. "पाणी पी आधी," म्हणायचे. मग आई आम्हाला वाढायची. जर्मनच्या थाळीत पातळ खिचडी, नाहीतर सत्तू कालवून त्यावर मीठ, मिरची आणि लिंबू पिळलेलं. आम्ही जेवत असेपर्यंत अण्णा आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे राहायचे. काशीत राहून खिडकीतून गंगा दिसत असेल असं कुणाला वाटेल, पण आमच्या खिडकीतून समोरच्या घराची शेवाळलेली भिंत दिसायची. अण्णा ती भिंत बघत राहायचे. थाळ्या घासायला गेल्या की मगच वळायचे.

अण्णा काय काम करतात हे मला शाळेत सांगता यायचं नाही. आमच्या मोहल्ल्यात मराठी घरं पुष्कळ. कुणाचे वडील रेल्वेत, कुणाचे बँकेत, कुणाचे विद्यापीठात, आणि बाकीचे वैदिक, म्हणजे ज्यांच्या तोंडात अख्खा वेद. पहाटे शेजारच्या पाठशाळेतली मुलं एका सुरात म्हणायला लागली की माकडंसुद्धा पत्र्यावर गप्प बसायची. अण्णा यातले कुठलेच नव्हते. त्यांचे वडील लवकर गेले, पाठशाळा सुटली, आणि संध्या-पूजेपुरते मंत्र तेवढे तोंडात राहिले. विधी चालवायची विद्या त्यांच्याकडे नव्हती. म्हणून अण्णा बसायचे.

बसायचे म्हणजे काय, ते सांगते. कुणाचं वर्षश्राद्ध असलं की मेलेल्या माणसाच्या जागी एका ब्राह्मणाला बसवतात. देवांच्या जागी बसणाऱ्याचं तोंड पूर्वेकडे, पितरांच्या जागी बसणाऱ्याचं उत्तरेकडे. अण्णांचं तोंड कायम उत्तरेकडे. यजमान त्यांचे पाय धुणार, पुसणार, कपाळाला गंध लावणार, पानाभोवती भस्माची रेघ ओढणार, आणि अण्णांनी त्याचा बाप होऊन जेवायचं. जेवताना बोलायचं नाही. मीठ कमी आहे म्हणायचं नाही, खीर छान झालीय असंही म्हणायचं नाही. हवं-नको काय ते हाताने दाखवायचं. अन्न गरम आहे आणि जेवणारा गप्प आहे, तोवरच पितर त्याच्या मुखाने जेवतात, अशी समजूत. शेवटी यजमान विचारतो, "तृप्ताः स्थ?" तृप्त झालात ना? आणि अण्णांनी म्हणायचं, "तृप्ताः स्मः." झालो. मग हातावर दक्षिणा पडायची, त्यावर आमचं घर चालायचं. यात्रेकरू घाटावर तीर्थश्राद्ध करतात त्यात हा प्रश्न विचारत नाहीत, फक्त वर्षाच्या श्राद्धात विचारतात. हे अण्णा आम्हाला असं सांगायचे, की जणू त्यामुळे त्यांचं काम एक पायरी वर चढतं.

बसलं की त्या दिवसाचे नियम पाळायचे. पुन्हा जेवायचं नाही, ओझं उचलायचं नाही, लांब जायचं नाही, अध्ययन करायचं नाही. पितृपक्षात तर अण्णांना रोज जेवण असायचं आणि रात्री ते पोटावर हात ठेवून कण्हत पडायचे. बाकीचे महिने तिथी असेल तसं. खालच्या मजल्यावरची मिश्राइन चाची नळावर आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "पंडितजी त रोज दावत उड़ावत हउवन, अउर लइकन के हड्डी गिन ला." म्हणजे यांची रोज मेजवानी, आणि पोरांची हाडं मोजून घ्या. आई बादली भरून निघून यायची. वर आली की म्हणायची, "तिला काय कळतंय." पण त्या दिवशी खिचडीत डाळ जास्त पडायची.

मी इंटरला पहिल्या वर्गात आले तो दिवस मला आठवतो. आई कुठूनतरी चार पेढे घेऊन आली होती. अण्णा दुपारी आले, तेव्हा मी दारातच पेढा पुढे केला. त्यांनी घेतला, डोळ्यांना लावला, वास घेतला, आणि माझ्याकडे बघत राहिले. आई आतून म्हणाली, "कुमू, अगं आज ते बसून आलेत." मला खरंच भान राहिलं नव्हतं. अण्णा म्हणाले, "उद्या सकाळी उठल्याबरोबर खातो. आंघोळीच्याही आधी." पेढा त्यांनी कागदात गुंडाळून खिडकीच्या कोनाड्यात ठेवला. सकाळी कागद खाली गल्लीत पडलेला, आणि समोरच्या भिंतीवर माकडीण बसलेली. विनू हसून हसून लोळला. अण्णाही हसले. "पहिला वर्ग तिचाही आला वाटतं," म्हणाले. मी हसले नाही. मी अठरा वर्षांची होते आणि मला वाटलं, हे कसलं काम, की ज्यात माणूस दुसऱ्याचा बाप होऊन जेवतो आणि स्वतःच्या मुलीच्या हातचा पेढा त्याला खाता येत नाही.

तरी मला कॉलेजात घातलं ते अण्णांनीच. मोहल्ल्यात लोक म्हणाले, पोरीचं लग्न बघा. अण्णा म्हणाले, "बघू की. आधी तिला पुस्तकं बघू देत." आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं, ना पुरुष, ना बाई. मी बी.ए.ला समाजशास्त्र घेतलं. अण्णांना ते काय असतं हे कळायचं नाही, पण संध्याकाळी मी दिव्याखाली मोठ्याने वाचायला बसले की ते जवळ येऊन बसायचे. बसून आलेल्या दिवशी पुस्तकाला हात लावायचे नाहीत. "मला आज अध्ययन नाही. तू वाच, मी नुसता ऐकतो. ऐकायला कुणी ना म्हटलेलं नाही." पुस्तक हिंदीत, मी मध्येच मराठीत सांगायची, अण्णा "अच्छा, अच्छा" करायचे. बत्ती गुल झाली की म्हणायचे, "थांबू नकोस, जेवढं पाठ झालंय तेवढं म्हण." पाठशाळेतून सुटलेला मुलगा त्यांच्यात अजून बसलेला होता, हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या वर्षाला आमच्या मॅडमनी सांगितलं, आपापल्या मोहल्ल्यात जा, काम करणाऱ्या माणसांशी बोला, त्यांना विचारा, तुम्हाला तुमच्या कामात समाधान आहे का, आणि असेल-नसेल तर का. सोपं वाटलं. सुरुवात दूधवाल्यापासून केली. तो म्हणाला, "बहिनी, ई सवाल भैंस से पूछा. हम त ओकर नौकर हई." मग मी अण्णांना विचारलं. अण्णा धोतर वाळत घालत होते. म्हणाले, "मला तर रोजच विचारतात, तृप्त झालात का. मी हो म्हणतो."

"ते श्राद्धाचं झालं अण्णा. मी तुमचं विचारतेय."

"माझं काय त्यात? मी पोस्टाची पेटी. टाकणाऱ्याचं पत्र, ज्याला पोचायचं त्याचं पत्र. पेटीला कुणी विचारतं का, मजकूर आवडला का म्हणून?"

"पण आवडतं की नाही?"

"सांगतो कधीतरी," म्हणाले आणि धोतराची दुसरी बाजू झटकली.

अण्णांना बोलावणं यायचं ते बहुतेक नानागुरुजींकडून. नानागुरुजी मोठे वैदिक, अण्णांहून वयाने बरेच मोठे, दुर्गाघाटाजवळ त्यांचं चार मजली घर. महाराष्ट्रातून काशीला येणारी मंडळी तिथेच उतरायची, तिथेच विधी व्हायचे. श्राद्धाच्या आदल्या दिवशी यजमानाने बसणाऱ्याला स्वतः येऊन आमंत्रण द्यायचं, याला आमच्याकडे क्षण देणं म्हणतात. त्या हिवाळ्यात असेच एक गृहस्थ क्षण द्यायला आमच्या दोन खोल्यांत आले. मधुकरराव नाव, वाईचे, पन्नाशीतले, उंच, मान जरा पुढे आलेली. वडिलांचं पहिलं वर्षश्राद्ध होतं. आईने चहा टाकला. अण्णांनी विचारलं, काय करता? ते म्हणाले, "एस.टी.त ड्रायव्हर." आणि कुणी काही विचारायच्या आत, "भिक्षुकी नाही केली."

मी लगेच वही घेऊन आले. "काका, तुम्हाला तुमच्या कामात समाधान आहे?"

आई आतून ओरडली, "अगं पाहुण्यांना काय विचारायचं याला काही धरबंध!"

"विचारू द्या की वहिनी," मधुकरराव म्हणाले. "आजवर कुणी विचारलं नाही. पगार तेवढा विचारतात." मग कप खाली ठेवून ते माझ्याशी न बोलता समोरच्या भिंतीशी बोलावं तसे बोलले. "पहाटेची पहिली गाडी माझी असते बाळ. पसरणीचा घाट. थंडीत धुकं असं पडतं की स्वतःचं बॉनेट दिसत नाही. पण वळण आलं की मला पोटात कळतं. मागे सगळी माणसं झोपलेली असतात. बायाबापड्या, पोरंसोरं, माना टाकून. घाटात झोपतात म्हणजे त्यांचा माझ्यावर भरवसा आहे, होय की नाही? वर पाचगणीला पोचलो की गाडी अशी उभी करायची, की कुणाला धक्का बसू नये. कुणी जागं झालं नाही की मी म्हणतो, जमलं आज. आता याला समाधान म्हणतात का, ते तू तुझ्या बाईंना विचार."

मी भराभर लिहीत होते. ते थांबले तेव्हा मला वाटलं, संपलं. पण ते अण्णांकडे वळले. "एक माणूस मात्र कधी बसला नाही माझ्या गाडीत. दादा. आमचे वडील. वैदिक होते. म्हणाले, ब्राह्मणाच्या हातात चाक शोभत नाही. पाचगणीला याज्ञिकीला जायचे, पण माझी गाडी लागली की स्टँडवर बाकावर बसून राहायचे, दुसऱ्याची येईपर्यंत. समोर मी, समोर ते. मी कंडक्टरला सांगायचो, दार लावू नकोस एवढ्यात. उघडं ठेवायचो. मग वेळ व्हायची, निघावं लागायचं." चहा निवून गेला होता. तो त्यांनी एका घोटात संपवला, अण्णांना रीतसर क्षण दिला आणि उठले. अण्णा दारापर्यंत सोडायला गेले.

दुसऱ्या दिवशी नानागुरुजींकडे स्वयंपाकाला बाई कमी होती म्हणून आईला बोलावलं होतं, आणि आईने मला सोवळ्याने खोबरं खवायला नेलं. मधुकररावांची बायकोही आमच्याबरोबर होती. तिने येताना वाईहून पिशवीभर आमसुलं आणली होती आणि काशीतलं अळू घशाला खवखवेल की काय याची तिला काळजी पडली होती. "आमचे मामंजी अळूचे फार भोक्ते हो," म्हणाली, मग आठवून "होते," म्हणाली आणि अळूचे देठ सोलायला लागली. स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटलेलं. पलीकडच्या खोलीत अण्णा बसले होते. मला त्यांची पाठ दिसत होती. ती पाठ मी जन्मभर खिडकीशी बघितलेली, पण अशी ताठ नाही. मी प्रथमच अण्णांना कामावर बघत होते. मधुकरराव त्यांचे पाय धूत होते, आणि धुता धुता त्यांचे खांदे हलत होते. अण्णांचे पाय काशीच्या गल्ल्यांतून अनवाणी फिरून भेगाळलेले. त्या भेगांवरून ते माणूस पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत होतं.

मग जेवण सुरू झालं आणि मंत्र थांबले. कढईत वडे फुलण्याचा आवाज, वाटीवर पळी टेकण्याचा आवाज, बस्स. खीर वाढायला मधुकरराव स्वतः उठले. अण्णांच्या पानासमोर आले आणि तिथेच थांबले. पळी भांड्याच्या काठावर वाजायला लागली, किणकिण, किणकिण. थांबेचना. "दादा," ते म्हणाले, अगदी हळू. नानागुरुजींनी "हं" करून दटावलं. तरी ते म्हणाले, "दादा, एकदा तरी—"

अण्णा म्हणाले, "तुझ्या गाडीत एकदा बसायला हवं होतं मी."

पळीचा आवाज थांबला. आईच्या हातातला झारा कढईवर तसाच राहिला. अण्णा पानाकडे बघत पुन्हा बोलले, "दार उघडं असायचं. बघितलं होतं मी."

मधुकरराव पानासमोर, भस्माच्या रेघेच्या बाहेर, कपाळ जमिनीला टेकून पडले. आम्हाला दिसत होतं ते एवढंच, आणि ऐकू येत होतं ते रडणं म्हणावं की हसणं, मला आजही सांगता येणार नाही. त्यांची बायको माझ्या शेजारी तोंडात पदर धरून उभी होती. कढईतले वडे काळे झाले. बऱ्याच वेळाने नानागुरुजींनी घसा साफ केला आणि विधी पुढे चालवला. शेवटी मधुकररावांनी विचारलं, "तृप्ताः स्थ?" आणि अण्णा म्हणाले, "तृप्ताः स्मः." ते शब्द मी त्यांच्या तोंडून घरात कितीदा गमतीत ऐकले होते. त्या दिवशी ते मला नव्यानेच ऐकल्यासारखे वाटले.

जाताना मधुकरराव अण्णांना म्हणाले, "एकदा वाईला या. पुढची सीट तुमची." अण्णा म्हणाले, "येईन की." त्या माणसाचा चेहरा मला अजून दिसतो. पाठीवरचं पोतं उतरवल्यासारखा चालत गेला तो गल्लीतून. या गोष्टीची आम्हाला काय किंमत पडली, ते त्याला कधी कळलं नाही, आणि कळू नये हेच बरं.

दिवेलागणीला नानागुरुजी आमच्याकडे आले. ते कधी कुणाकडे जायचे नाहीत. आईने पाट दिला, ते बसले नाहीत. "गोविंदा, काय केलंस हे?"

"तो रडत होता नाना."

"सगळेच रडतात. रडतात म्हणून तर तिथे बसणाऱ्याने बोलायचं नाही. आज तू मेलेल्याच्या तोंडाने माया केलीस. उद्या दुसरा कुणी बसेल आणि मेलेल्याच्या तोंडाने म्हणेल, घर धाकट्याच्या नावावर कर. मग लोकांनी काय करायचं, सांग? तुझ्या-माझ्यावर विश्वास कोण ठेवील?"

मग नानागुरुजींचा आवाज खाली आला. "तुझं मन वाईट नाही, मला ठाऊक आहे. पण तुला क्षण द्या असं आता मला कुणाला सांगता येणार नाही." एवढं बोलून ते गेले. मी अण्णांकडे बघितलं, वाटलं, आता तरी काहीतरी उत्तर देतील. ते म्हणाले, "पायरी मोडलीय आपली, त्यांना दिवा दाखव जिन्यात."

त्या वेळी मला नानागुरुजींचा जीव घ्यावासा वाटला होता. आज इतक्या वर्षांनी मी म्हणते, त्यांचं चुकलं नव्हतं. आणि अण्णांचंही चुकलं नव्हतं. दोघांचं बरोबर असूनही एका घराचा घास जाऊ शकतो, हे मला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालं नाही.

गोष्ट मोहल्ल्यात पसरायला वेळ लागत नाही. बाकीच्या घरांनीही अण्णांना बोलावणं बंद केलं. आणि मग आमच्या घरात एक नवीनच गोष्ट घडली. अण्णा आमच्याबरोबर जेवायला बसले. चौथी थाळी आली. खिचडी तेवढीच. विनूला फार आनंद झाला, तो अण्णांच्या मांडीला मांडी लावून बसायचा. अण्णा सवयीने न बोलता जेवायचे, हवं-नको हाताने दाखवायचे, आणि आई चिडायची, "अहो बोला की, इथे कोण मेलंय!" एकदा असंच जेवण झाल्यावर अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या त्या बाईंना काय लिहून दिलंस माझ्याबद्दल?"

"काहीच नाही. तुम्ही सांगतो म्हणाला होतात."

"मग लिही. वडिलांना काम आवडलं." मग थाळी उचलत म्हणाले, "एक दिवस."

वसंत पंचमीच्या सुमाराला ओळखीने त्यांना रामनगरला एका लाकडाच्या वखारीत काम मिळालं, दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवायचं. "पुन्हा बसायचंच," अण्णा म्हणाले, "पण आता पाय धुवायला कोणी नाही." सकाळी टेंपोने पूल ओलांडून पडाव नावाच्या नाक्यापर्यंत, तिथून पुढे रामनगर, संध्याकाळी तसंच परत. हिवाळ्यात पुलावरचा वारा हाडात शिरतो. मी एकदा त्यांना डबा द्यायला गेले होते. लाकडाच्या भुश्शाच्या ढिगाशी स्टुलावर बसले होते, मफलर गुंडाळून. मी सहज बघितलं, आणि मग पुन्हा बघितलं. स्टूल त्यांनी उत्तरेकडे तोंड करून ठेवलं होतं. मी विचारलं, "अण्णा, हे काम कसं आहे?" म्हणाले, "चांगलं आहे. कुणी काही विचारत नाही." आणि डबा उघडून म्हणाले, "आज पोळी? वा." जेवताना बोलले, म्हणून मला बरं वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात त्यांना खोकला धरला. आईने आल्याचा रस दिला, काढे दिले, मग सरकारी दवाखाना झाला, मग डॉक्टरांनी फुप्फुसांचं काहीतरी नाव सांगितलं. तरी ते जात राहिले. "तुझी शेवटची परीक्षा होऊ दे," म्हणायचे. रात्री खोकल्याने झोप येत नसली की म्हणायचे, "वाच काहीतरी." मी वाचायची. माघात ते गेले. परीक्षेला थोडे आठवडे उरले होते. मणिकर्णिकेवरून परत आल्यावर विनूने खिडकीचं दार लावून घेतलं, त्या भिंतीकडे बघवेना म्हणून.

मी परीक्षा दिली. कशी दिली विचारू नका.

मागच्या वर्षी मी निवृत्त झाले. कँट स्टेशनच्या चौकशीच्या खिडकीवर माझी उभी नोकरी गेली. निरोपाच्या समारंभात एका तरुण मुलीने माईक पुढे करून विचारलं, "मॅडम, नौकरी में संतोष मिला?" मी म्हटलं, मिला. खोटं नाही बोलले. गाडी चुकलेली बाई, हरवलेलं पोर, फलाट बदलल्यामुळे धावत आलेला म्हातारा, सगळे माझ्या खिडकीशी यायचे, रडायचे, भांडायचे, आणि मला त्यांच्याशी बोलायची मुभा होती. "घाबरू नका, गाडी अजून उभी आहे" असं मी सांगितलं की त्यांचा चेहरा सैल पडायचा. दरवेळी मला अण्णा आठवायचे. हे काम त्यांना फार छान जमलं असतं. निवृत्तीनंतर मी वाईलाही जाऊन आले. पहाटेच्या पहिल्या गाडीने पसरणीचा घाट चढले, पुढच्या सीटवर बसून. ड्रायव्हर कुणी तरुण मुलगा होता. गाडीतली सगळी माणसं झोपली. मी जागी राहिले.

पण सांगायचं राहिलं ते अण्णांच्या वर्षश्राद्धाचं. ते झालं नानागुरुजींच्याच घरी. त्यांनी स्वतः सांगून पाठवलं होतं, "गोविंदाचं मी करीन, दुसऱ्या कुणाला सांगू नका." मुंज झालेल्या विनूने मोठ्या माणसासारखं सोवळं नेसून विधी केला. उत्तरेकडे तोंड करून बसला होता पाठशाळेतून नुकताच बाहेर पडलेला एक मुलगा, मराठवाड्यातून आलेला, काळासावळा, अण्णांसारखा कुठूनही नाही. विनूने त्याचे पाय धुतले. आई वडे तळत होती. तिने या वेळी एकही जळू दिला नाही. खीर वाढायची वेळ आली तेव्हा मी दाराशी उभी होते. नानागुरुजींनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तिला वाढू दे."

मी पानासमोर आले. पळी माझ्या हातात वाजायला लागली. मला तेव्हा जे वाटत होतं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटत होतं, या मुलाने नियम मोडावा. एकदाच. काहीही म्हणावं. मी खीर वाढली आणि अगदी हळू म्हणाले, "अण्णा, मी पास झाले." त्या मुलाने वर बघितलं. क्षणभर त्याचे ओठ हललेसे वाटले. नानागुरुजींनी या वेळी दटावलं नाही. ते दुसरीकडे बघत होते. मग त्या मुलाने मान खाली घातली, पानावर तळहात आडवा धरला, पुरे म्हणून, आणि जेवायला लागला. चांगला जेवला तो, भूक असलेल्या माणसासारखा. शेवटी विनूने विचारलं, "तृप्ताः स्थ?" आणि तो खणखणीत आवाजात म्हणाला, "तृप्ताः स्मः."

नियमाप्रमाणे सगळं नीट झालं. आम्ही मग मागाहून, उरलेलं जेवलो. मी बी.ए. झाले, दुसऱ्या वर्गात. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली.